अभ्रक घराचा आरसा

सकाळी साडेसातला अभ्रक घरातल्या बेसिनपाशी जी झुंबड उडायची, तिला भांडण म्हणावं की कवायत, हे कुणालाच सांगता आलं नसतं. आठ मुली, तीन नळ आणि एक लांबलचक आरसा. कुणाच्या तोंडात ब्रश, कुणाच्या डोक्याला टॉवेल, कुणी नुसतीच भिंतीला टेकून पेंगत उभी. "अगं आटप की, तिथंच संसार मांडतेस काय?" हे रोज निदान चारदा तरी ऐकू यायचं. तोंड धुऊन झालं की प्रत्येकीची नजर आपोआप आरशाच्या उजव्या कोपऱ्याकडे जायची. तिथे मुगाएवढा ठिपका उमटायचा. तो हिरवा उमटला की ती बाजूला व्हायची आणि मागची पुढे यायची.

पठारावरच्या त्या विद्यापीठात विज्ञान शिकणाऱ्यांसाठी साधं वसतिगृह नव्हतं, विज्ञानग्राम होतं. तीस बैठी घरं, प्रत्येक घरात आठ जणं, आणि घरांना खनिजांची नावं: अभ्रक, गंधक, गारगोटी, शिसं. एका घरात एका विषयाच्या दोघींहून जास्त मुली ठेवायच्या नाहीत असा दंडक होता. भौतिकीवाली जेवताना जीवशास्त्रवालीशी वाद घालेल आणि त्यातून दोघीही शहाण्या होतील, अशी ते ग्राम वसवणाऱ्यांची कल्पना. शहाण्या किती झाल्या देव जाणे, वाद मात्र भरपेट व्हायचे.

दुसरा दंडक असा की घरातली यंत्रं घरातल्यांनीच राखायची. पाणी तापवणारं यंत्र बिघडलं तर बाहेरून कारागीर येणार नाही, तुम्हीच उघडा, तुम्हीच शिका. अभ्रक घरातला आरसा राखायचं काम निहारा कुलथेकडे होतं. ती विश्लेषण रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. कशात काय किती मिसळलंय हे शोधून काढणं हाच तिचा अभ्यास. भौतिकीच्या फराह मुजावरनं तिला 'आरसेकरीण' असं नाव ठेवलं होतं. निहाराला ते मनातून आवडायचं, वर ती कितीही नाक मुरडू दे.

आरशाचं शास्त्र तसं सरळ होतं. आपण सोडलेल्या श्वासात शेकडो वायुरूप द्रव्यं असतात. शरीरात काही बिघडलं की त्यातली काही वाढतात, काही घटतात. डॉक्टरला आजाराचा पत्ता लागायच्या आधी श्वासाला लागलेला असतो. आरशाच्या चौकटीत केसाहून बारीक अशा चाळीस पट्ट्या होत्या आणि एकेक पट्टी एकेका द्रव्याचा माग काढायची. समोर कोण उभं आहे हे आरसा चेहऱ्यावरून ओळखायचा आणि त्या मुलीच्या खात्यात मोजमाप टाकायचा. सगळं ठीक असेल तर हिरवा ठिपका, शंका असेल तर पिवळा, धोका असेल तर लाल. आठवड्यात तीन लाल आले की आरसा स्वतःच आरोग्यकेंद्राला कळवायचा, आणि मग दोन आठवडे सक्तीनं घरी, आईबापांच्या ताब्यात. काही वर्षांपूर्वी एका साथीत सगळं ग्राम आजारी पडलं होतं, तेव्हापासूनचा हा नियम.

त्या नियमाचा धसका सगळ्यात जास्त घेतला होता तो दुर्वा मोहितेनं. दुर्वा म्हणजे निहाराची खोलीतली जोडीदारीण. विट्याकडची, बोलायला फटकळ, हसायला मोठ्यांदा. ती प्रयोगशाळेत काचेच्या बरण्यांमधून एका नव्या क्षाराचे स्फटिक वाढवत होती. रोज तापमान अर्ध्या अंशानं उतरवायचं, रोज डोळ्यांत तेल घालून बघायचं. दोन दिवस खंड पडला तर चार महिन्यांचं काम पाण्यात. आणि दिवसभर बरण्या आणि नळ्या धुवायच्या त्या ॲसिटोननं. नखांचा रंग काढायच्या बाटलीला जो गोडसर उग्र वास येतो ना, तेच हे द्रव्य. दुर्वाच्या ओढणीला, केसांना, वह्यांना तो वास असायचा.

ऑगस्टमध्ये एका आठवड्यात तिचे दोन ठिपके लाल आले. ॲसिटोनची पट्टी वर चढली होती.

"निहू, तिसरा आला तर बाबा न्यायला येतील," दुर्वा म्हणाली. "माझे स्फटिक कोण बघणार मग? तू?"

"मी बघेन की."

"तू? तुझ्या हातानं कुंडीतली कोरफड मेली बाई. कोरफड! ती कुणाच्या हातानं मरते का?"

"बरं, गप. वास लॅबचाच असणार. पण आधी मोजूया."

आणि निहारानं खरोखरच मोजलं. सलग तीन रविवार तिनं दुर्वाला प्रयोगशाळेत जाऊ दिलं नाही, तापमान उतरवायला स्वतः गेली, आणि दर तीन तासांनी दुर्वाला आरशासमोर उभं केलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ॲसिटोन उतरत उतरत साध्या माणसाइतकं व्हायचं. म्हणजे शरीरात काही बिघाड नाही, हे बाहेरून आलेलं आहे. रसायनशास्त्रात याला पार्श्वभूमी म्हणतात. तराजूवर भांडं ठेवून आत काय आहे ते मोजायचं तर भांड्याचं वजन वजा करतात, तसंच. तिनं दुर्वाच्या खात्यात तेवढा आकडा वजा करायची सूचना घातली आणि आरशाच्या वहीत तीन रविवारांचे आकडे, आलेख, सही, सगळं लिहून ठेवलं. त्या वहीचे नियम कडक होते. पेननंच लिहायचं, खाडाखोड करायची नाही, चुकलंच तर वाचता येईल अशी एकच रेघ मारायची. ग्रामाच्या रेक्टर डॉ. टिळेकर यांनी महिन्याच्या बैठकीत ते पान उघडून सगळ्यांना दाखवलं. "याला म्हणतात काम," त्या म्हणाल्या. निहारा दोन दिवस जमिनीवर नव्हती.

डिसेंबरात दुर्वाचा ठिपका पुन्हा पिवळा यायला लागला.

"आमच्या लॅबचं भांडी धुवायचं यंत्र बंद पडलंय," दुर्वा म्हणाली. "सगळं हातानं धुवायला लागतंय, दुप्पट ॲसिटोन. वाढव की तुझा तो आकडा."

"असा कसा वाढवू? मोजायला हवं. या रविवारी जाऊ नकोस."

"या रविवारी नाही जमायचं. पुढच्या."

पुढच्या रविवारी निहाराला सोमवारच्या सादरीकरणाची तयारी करायची होती. तिसऱ्या रविवारी दुर्वाला सर्दी होती. मधे एकदा लाल ठिपका येऊन गेला आणि दुर्वा रडकुंडीला आली. त्या दिवशी निहारानं ब्रश तोंडात धरूनच आरशाचा फलक उघडला आणि दुर्वाच्या खात्यात नवी सूचना घातली: ॲसिटोन जेवढं सापडेल तेवढं प्रयोगशाळेचं समजावं. वहीत एक ओळ लिहिली. 'दु. मोहिते. ॲसिटोन पूर्ण वजा. स्रोत: प्रयोगशाळा.' मोजमापाचा रकाना रिकामा ठेवला, मग भरू म्हणून. सगळ्याला मिळून अर्धं मिनिट लागलं असेल.

दुर्वानं तिच्या गालाचा मुका घेतला. "आरसेकरीण असावी तर अशी!"

पुढचे दिवस बरे गेले. संक्रांतीला बरण्या निहारावर सोपवून दुर्वा दोन दिवस घरी जाऊन आली, येताना डबा भरून गुळपोळ्या आणल्या. पण खाल्ल्या सगळ्या बाकीच्यांनीच. तिला सारखी तहानच लागलेली. खोलीत तिची बाटली, उशाशी आणखी एक, पिशवीत तिसरी. "हिला नळालाच जोडून टाका गं," फराह म्हणायची. तिचे कुडते ढगळ झाले तेव्हा सगळ्यांनी मेसच्या जेवणाला नावं ठेवली. ती दुपारची वर्गात डुलक्या घ्यायला लागली तेव्हा सगळ्यांनी प्रबंधाला नावं ठेवली. तिच्या श्वासाला गोडसर वास यायचा. शेजारच्या पलंगावरून निहाराला तो यायचा, आणि तिला वाटायचं, ही पोरगी लॅब अंगावर घेऊनच झोपते. आता यात कुणाचं काय चुकलं म्हणावं? आठही जणी शास्त्र शिकणाऱ्या, प्रत्येक गोष्टीचं कारण शोधायची सवय, आणि प्रत्येक गोष्टीला एक बरं कारण मिळतही होतं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी दुर्वाला उलट्या झाल्या. पोटात कळा येत होत्या आणि ती जोरजोरात, खोल श्वास घेत होती. निहारानं तिला धरून बेसिनपाशी नेलं. दुर्वा आरशासमोर वाकली, दोन श्वास सोडले, आणि कोपऱ्यात हिरवा ठिपका उमटला.

"बघ, हिरवा आहे," निहारा म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला होता. "कालचं काहीतरी बाधलंय. झोप तू. मी तुझ्या बरण्यांचं तापमान उतरवून येते."

जायच्या आधी तिनं लिंबू पिळून, मीठ आणि साखर घालून पाणी केलं. अंगात ताकद यावी म्हणून साखर चमचाभर जास्तच घातली. दुर्वानं गटागटा सगळं पाणी संपवलं आणि आणखी मागितलं.

दुपारी चारला फराह तास संपवून आली तेव्हा दुर्वा हाकेला ओ देत नव्हती. रुग्णवाहिका आली, जिल्ह्याच्या रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टर खाटेपासून दोन पावलांवर असतानाच थबकल्या. "हिला मधुमेह आहे का?" त्यांनी विचारलं. प्रयोगशाळेतून धावत आलेली निहारा नाही म्हणाली. डॉक्टरांनी दुर्वाच्या तोंडाजवळ नाक नेलं, आणि मग सगळी धावपळ सुरू झाली. सलाईन, सुया, नळ्या. बुधवारी सकाळी दहा वाजता दुर्वा गेली. वय एकवीस.

डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं. शरीरात इन्सुलिन तयार होणंच बंद झालं की रक्तात साखर साठत जाते, पण पेशींना ती वापरता येत नाही. मग भुकेलं शरीर चरबी जाळायला लागतं, रक्त आंबट होत जातं आणि श्वासातून ॲसिटोन बाहेर पडायला लागतं. "दोन महिने तरी चाललं असेल," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे तो आरसा आहे ना? आम्हाला वाटायचं, तिथल्या मुलांची काळजी नको. हे तर आरसा पहिल्याच आठवड्यात पकडतो." निहाराला डिसेंबरात लिहिलेली ती एक ओळ आठवली.

पुढचा आठवडा तिनं कसा काढला, तिचं तिलाच माहीत. जेवायला बसायची आणि उठायची. बेसिनपाशी आता कुणी भांडत नव्हतं, रांगेनं तोंडं धुऊन मुली मुकाट्यानं निघून जात होत्या. आरशावर फराहनं चादर टाकली होती. विद्यापीठानं चौकशी नेमली आणि चार दिवसांत सगळीकडे झालं की आरसा चुकला. यंत्रावर भरवसा ठेवला आणि यंत्रानं पोरीचा जीव घेतला. तीसही घरांतले आरसे काढायचं ठरत होतं. जूनपासून जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमध्ये असेच आरसे लावायचे होते, तेही आता बारगळणार होतं.

त्यानंतरच्या शनिवारी टिळेकर मॅडमनी निहाराला बोलावून घेतलं. त्यांनी काही विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "उद्या दुर्वाचे आईवडील सामान न्यायला येतायत. आणि आरशाची वही उद्याच संध्याकाळपर्यंत माझ्याकडे आणून दे."

"मॅडम..."

"वही आण, बाळा. मग बोलू." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. मोजमापाचा तो कोरा रकाना त्यांना ठाऊक होता की नव्हता, हे निहाराला कळलं नाही.

फराहला तिनं सगळं सांगितलं. फराह पलंगाच्या कडेला बसली.

"वही द्यावीच लागेल, दे," ती म्हणाली. "पण दुर्वाच्या आईला नको सांगूस. तुला शपथ आहे."

"का?"

"का म्हणजे? ती माणसं आत्ता एका मशीनला शिव्या देतायत. देऊ दे ना! मशीनला काही लागत नाही. तू सांगितलंस की त्यांना कळणार, पोरीच्या मैत्रिणीनंच... वर त्यांना हेही कळणार की पोरीनं स्वतःच मागितलं होतं. मेलेल्या पोरीचा राग यायला लागेल गं त्यांना. कशाला?"

"आणि आश्रमशाळांचं काय?"

"ते विद्यापीठ बघेल. तू तुझ्या मनाचं ओझं त्यांच्या डोक्यावर नेऊन ठेवू नकोस." फराहचे डोळे भरून आले होते. "तेवढंच म्हणतेय."

फराहचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि त्यामुळेच निहाराला ते जास्त लागलं. आपण सांगणार ते त्यांच्यासाठी की स्वतःसाठी? तिला ठरवता येईना. एवढं मात्र तिला दिसत होतं की वही चौकशीत जाईल, अहवाल छापून येईल, आणि विट्याजवळच्या त्या गावात कुणीतरी तो मोहित्यांना वाचून दाखवील. तसं त्यांना कळू नये. सांगायचं तर आपण, समोर बसून.

रविवारी अकराच्या सुमारास ते दोघं आले. वडील अंकुश मोहिते एसटीच्या आगारात विजेवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचे. आई शालनकाकूंची गावात पिठाची गिरणी होती. दुर्वा कौतुकानं सांगायची की आईला पोत्याचं तोंड सोडायच्या आधी कळतं, ज्वारी खवट झालीय की नाही ते. काकूंनी लेकीचे कपडे एकेक करून घडी घातले, निहारा वह्या बांधत होती. काम झालं. वडील दाराशी उभे राहिले.

"काका, काकू, थोडं बसाल का?" निहारा म्हणाली. "मला सांगायचंय."

ते बसले. तिनं आरशाची वही त्यांच्यापुढे ठेवली आणि पहिल्यापासून सांगायला लागली. आरसा काय करतो, ठिपके काय, तीन लाल म्हणजे काय. ऑगस्टमधलं पान तिनं दाखवलं. "हे मी मोजून केलं होतं," ती म्हणाली. मग डिसेंबरचं पान उघडलं. "आणि हे न मोजता. आरसा चुकला नव्हता काका. आरशाला दिसत होतं. मी त्याला सांगितलं होतं की ते धरू नकोस, वजा कर. त्या मंगळवारी सकाळीपण त्याला दिसलं असणार. मी वजा केलं होतं म्हणून त्यानं हिरवा दाखवला. हिरवा दिसला म्हणून मी तिला दवाखान्यात नेलं नाही." तिनं रिकामा रकाना दाखवला. "चूक माझी आहे."

अंकुश मोहिते उठले. ते बाहेर गेले आणि अंगणात पाठमोरे उभे राहिले.

शालनकाकूंनी वही जवळ ओढली. त्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. "हे दुर्वीनं सांगितलं तुला करायला?"

निहारा वह्यांच्या गठ्ठ्याची गाठ पुन्हा आवळायला लागली.

"बोल की. मला माझी लेक म्हाईत न्हाई व्हय? एखादी गोष्ट मनात घेतली की समोरच्याला न्हाई म्हणू द्यायची न्हाई ती."

"तिनं मागितलं होतं. पण करायचं की नाही हे माझ्या हातात होतं."

काकूंनी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, "तिच्या तोंडाला वास येत हुता का?"

"हो."

"कसला?"

"गोडसर. पिकून उतरलेल्या फळासारखा. मला वाटलं, लॅबचा."

"मला बी आला हुता," काकू म्हणाल्या.

निहारानं मान वर केली.

"संक्रांतीला घरी आली. पहिल्या दिवशी गळ्यात पडली तवा आला. म्हटलं, दुर्वे, कसला गं वास? तर म्हणाली, लॅबचा हाय आई, धुतला तरी जात न्हाई. दुसऱ्या दिवशी न्हाऊन, माझं लुगडं नेसून बसली हुती माझ्यापाशी. तरी येत हुता. निघताना बी येत हुता." काकूंनी नाकाला बोट लावलं. "मी गिरणीवाली. वासावर माझा धंदा. माझं नाक मला सांगत हुतं, हे आतलं हाय. पण म्हटलं, पोरगी एवढी शिकलेली, तिला त्यातलं समजतंय, आपण अडाणी बाईनं काय सांगावं? गप बसले."

निहाराच्या डोळ्यांसमोर आकडे उभे राहिले, नको असताना. दोन दिवस. प्रयोगशाळेपासून दीडशे किलोमीटर लांब. अंघोळ, धुतलेले कपडे, आणि तरीही वास कायम. रिकाम्या रकान्यात जे मोजमाप भरायचं राहिलं होतं, ते हेच होतं. ते संक्रांतीलाच झालं होतं, विट्याजवळच्या एका स्वयंपाकघरात, आणि अगदी बरोबर झालं होतं. एक फोन केला असता, काकू, ती तिकडे कशी होती एवढं विचारलं असतं, तर आज दुर्वा बरण्यांवर वाकून बसली असती. हे काकूंना सांगावं की सांगू नये? ती रडायला लागली. काकूंनी तिला जवळ घेतलं नाही आणि दूरही लोटलं नाही.

"मी मॅडमना आज सगळं सांगणार आहे," थोड्या वेळानं निहारा म्हणाली. "माझं काय व्हायचं ते होऊ दे. आरसे काढू नका म्हणणार आहे. आश्रमशाळेतल्या पोरांना उपयोग होईल त्यांचा. तुम्ही म्हणालात तर नाही सांगणार तसं."

"मी कोण म्हणणार?"

"तुमचीच तर गेली, काकू."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. "माझी धाकटी हाय घरात. नववीत," त्या म्हणाल्या. "हे झाल्यापास्नं मी तिच्या तोंडाचा वास घेत बसते, झोपली की उठून घेते. घोटभर पाणी प्याली तरी माझ्या काळजात धस्स हुतंय. परवा दवाखान्यात नेली. रक्त काढलं. डॉक्टर म्हणाला, काही न्हाई, पोरगी ठणठणीत हाय."

"मग चांगलंच झालं की, काकू. तशी तपासणी बरोबर असते."

"असंल. तो बी शिकलेला हाय. तू बी शिकलेली, दुर्वी बी शिकलेली." त्यांनी वही मिटली आणि निहाराच्या हातात दिली. बाहेरून नवऱ्यानं हाक मारली, तशा त्या बोचकं उचलून उभ्या राहिल्या आणि दारातून वळून तिच्याकडे बघत म्हणाल्या, "पण आता कुणी मला काही न्हाई म्हणून सांगितलं, तर त्यानं सांगायच्या आधी काय काय वजा केलं असंल, ते मी कुणाला इचारू गं?"